व्हिएन्नाच्या परिषदेसाठी शेंगेन व्हिसा: नागपूरहून अर्ज करायचाय, नावाचा गुंता आहे

खारपाणी | १८ जानेवारी, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी.

मी नागपूरच्या एका अनुदानित महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या (जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातल्या) विहिरींवर गेली सहा वर्षं काम चालू आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असं वर्षातून दोनदा बाटल्यांत भरून आणायचं आणि तपासायचं. त्या कामाचं पोस्टर (संशोधन मांडणारा मोठा छापील तक्ता) व्हिएन्नातल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारलं गेल्याचा मेल परवा आला. परिषद ४ ते ८ मे. मी आजवर देशाबाहेर गेलेली नाही. आमच्या विभागातूनही कुणी गेलेलं नाही, त्यामुळे विचारायला घरचं माणूस नाही. म्हणून हा धागा.

अडचण सांगते. माझी पीएचडी, माझे सगळे पेपर, पॅन कार्ड आणि पगाराचं खातं माहेरच्या नावावर आहे. पासपोर्ट लग्नानंतर काढला, त्यावर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव आहे. पोस्टर अर्थातच पेपरच्या नावाने पाठवलं. आयोजकांचं निमंत्रणपत्र आलं तेही त्याच नावाने. म्हणजे निमंत्रण एकीला आणि पासपोर्ट दुसरीचा, असं दिसतंय.

दुसरं पैशाचं. खात्यात दोन लाखांच्या आसपास आहेत. बाबा म्हणतात, "मी तीन लाख टाकतो, खातं भरलेलं दिसू दे." टाकावे का?

तिसरं, कॉलेजच्या बाबूंनी विचारलं की ना हरकत पत्रात नेमकं काय लिहायचं. मला सांगता आलं नाही.

कुणी नागपूरहून हे सगळं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तर्रीपोहे | १८ जानेवारी, रात्री १०.३१

ताई, आधी अभिनंदन! खारपाणपट्ट्याचं नाव व्हिएन्नात लागून राहिलं, याच्यापेक्षा मोठी गोष्ट काय. माझं आजोळ मूर्तिजापूर तालुक्यातलं. त्या विहिरींचं पाणी पिऊन मोठा झालो मी. व्हिसाचं मला काही समजत नाही, पण धागा वाचून राहिलो.

गोरेवाडा | १८ जानेवारी, रात्री ११.५०

खारपाणी मॅडम, मी तीनदा जाऊन आलोय, तिन्ही वेळा परिषदेसाठीच. तुमचा नावाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पण त्याच्यापासूनच सुरुवात करा, कारण बाकी प्रत्येक कागद नावावरच टांगलेला असतो.

शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज उघडून पाहा. पहिला रकाना आडनावाचा, तिथे पासपोर्टवरचं आडनाव. दुसरा रकाना जन्माच्या वेळच्या किंवा आधीच्या आडनावाचा. तिसरा नावाचा. तो दुसरा रकाना तुमच्यासारख्या माणसांसाठीच आहे! पुष्कळ बायका तो कोरा सोडतात किंवा तिथे पुन्हा सासरचंच आडनाव लिहितात. तुम्ही तिथे माहेरचं आडनाव लिहा. मग पुढे पीएचडीवर किंवा पॅनवर तेच आडनाव दिसलं की वाचणाऱ्याला ते ओळखीचं वाटतं.

नंतर आयोजकांना मेल करा आणि निमंत्रणपत्र नव्याने मागा. पत्रात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, आणि एक वाक्य: 'या आपलं संशोधन अमुक नावाने प्रसिद्ध करतात.' आयोजकांना यात नवल वाटत नाही. जगभरच्या बायकांना हा त्रास आहे, त्यांच्याकडे अशी पत्रं नेहमी मागितली जातात. पेपरवरचं नाव बदलू नका. सहा वर्षांचं काम त्या नावावर आहे.

विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि ऑर्किडवर (संशोधकांची ओळख नोंदवणाऱ्या संकेतस्थळावर) तुमचं खातं असेल तर तिथे 'या नावानेही ओळख' अशी सोय आहे. दोन्ही नावं टाकून त्या पानाची प्रत काढा.

वेळेचं गणित: प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, पण जास्त तपासणी लागली तर ते ४५ दिवसांपर्यंत नेऊ शकतात. म्हणून मार्च उजाडायच्या आत अपॉइंटमेंट हातात ठेवा. मे महिन्यात अर्धा महाराष्ट्र युरोपला निघतो, त्या गर्दीत मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रात तारीख मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा, १० वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

प्रतापनगर_काका | १९ जानेवारी, सकाळी ७.०५

बेटा, पैशाबद्दल मी सांगतो. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा शाखेचा व्यवस्थापक म्हणून. परदेशी जाणाऱ्यांची शेकडो स्टेटमेंटं माझ्या सहीने गेली असतील.

बाबांना सांग, तीन लाख टाकू नका. स्टेटमेंट वाचणारा शेवटची शिल्लक पाहून थांबत नाही. तो आधी ओळी पाहतो. दर महिन्याला पगार येतो, त्यातून हप्ता जातो, वीजबिल जातं, किराणा जातो, थोडे मागे राहतात. हे ज्या खात्यात दिसतं ते जिवंत खातं. आणि जे खातं सहा महिने चाळीस हजारांवर आहे आणि अपॉइंटमेंटच्या आठ दिवस आधी एकदम साडेतीन लाखांवर जातं, तिथे वाचणाऱ्याचं बोट थांबतं. कुणाचे पैसे, परत द्यायचे आहेत का, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. आणि ते विचारायला तो तुला फोन करणार नाही, नकाराच्या कागदावर खूण करून मोकळा होईल.

आठ-नऊ दिवसांच्या प्रवासाला, पगार चालू असताना, दोन लाख पुष्कळ आहेत. बाबांची मदत घ्यायचीच असेल तर उघड घे. त्यांचं साध्या कागदावरचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट, आणि अर्जातल्या 'खर्च कोण करणार' या रकान्यात तसा उल्लेख. पण माझ्या मते गरज नाही.

शाखेत जाऊन सहा महिन्यांचं स्टेटमेंट शिक्का मारून घे. नेटवरून काढलेलं घरचं प्रिंट नको. त्याच फेरीत शाखेकडून एक पत्र घे की खातेदार अमुक आणि केवायसीत जोडलेला पासपोर्ट अमुक क्रमांकाचा. पासपोर्ट केवायसीत नसेल तर आजच देऊन ये. पॅन बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. ऐन वेळी पॅन एक, आयकर विवरण दुसरं, असं झालं तर आणखी गोंधळ. तीन वर्षांची विवरणपत्रं आणि फॉर्म १६ जसे आहेत तसे जोड.

खारपाणी | १९ जानेवारी, रात्री ९.२०

काका, बाबांना तुमचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बँकेतला माणूस म्हणतो तर बराबर असेल." तीन लाख वाचले.

गोरेवाडा सर, आयोजकांना मेल टाकला. नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून घेऊ का?

गोरेवाडा | १९ जानेवारी, रात्री ९.४५

करून घ्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. खरा पुरावा विवाह नोंदणीचा दाखला. प्रतिज्ञापत्र त्याच्या मागे.

वर्धारोड | २१ जानेवारी, दुपारी २.१८

माझा अनुभव लिहितो, नकाराचा आहे. कुणाला तरी उपयोगी पडेल.

प्रागला तीन दिवसांची परिषद होती. पेपर वाचायचा होता. बायको म्हणाली, एवढं जातोय तर स्वित्झर्लंड पाहून येऊ. म्हणून पुढचे आठ दिवस स्वित्झर्लंड जोडले. अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे केला, कारण परिषद तिथे. हॉटेलची बुकिंगं मात्र तीन दिवस प्राग आणि आठ दिवस स्वित्झर्लंड अशी. माझ्या पत्रात परिषदेबद्दल चार ओळी आणि सहलीबद्दल पाऊण पान.

पासपोर्ट परत आला तेव्हा आत एक छापील कागद. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल तिथे खूण करतात. माझ्या कागदावर खूण होती ती प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी यांचा पुरेसा आधार दिलेला नाही, या अर्थाच्या ओळीवर. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ गाडीतच बसलो होतो. मुलीला काय सांगायचं तेच सुचेना, तिने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शांतपणे पाहिल्यावर चूक माझीच दिसली. नियम असा की ज्या देशात मुख्य काम किंवा जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. दोन्ही सारखंच असेल तर जिथे आधी उतरणार तिथे. माझं काम एकीकडे आणि मुक्काम दुसरीकडे. परिषद मुख्य आहे हे माझ्या फाईलमध्ये कुठेच ठसत नव्हतं.

नकाराविरुद्ध अपील करता येतं, ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं. पण परिषद तोवर संपली असती. मी पुन्हा अर्ज केला, एकट्याचा, पाच दिवसांचा, फक्त प्राग. पत्रात आधीच्या नकाराचा स्वतःहून उल्लेख केला. व्हिसा मिळाला. नकाराची नोंद त्यांच्या माहिती प्रणालीत ५ वर्षं राहते, तेव्हा ती लपवण्यात अर्थ नाही.

ताई, तुम्हाला एवढंच सांगतो, या खेपेला व्हिएन्ना आणि परत. साल्झबर्ग पुढच्या वेळी.

धंतोली_संध्या | २१ जानेवारी, संध्याकाळी ६.३३

वर्धारोड, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. नकाराबद्दल कुणी बोलत नाही.

अंबाझरी_तलाव | २२ जानेवारी, सकाळी ११.०२

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एजंटला द्या ना. आमच्या ओळखीतल्या दोघांनी दिलं, सगळं तयार करून मिळालं. आपण फक्त बोटांचे ठसे द्यायला जायचं.

गोरेवाडा | २२ जानेवारी, सकाळी ११.४०

एजंट वाईटच असतात असं नाही. फॉर्म भरून घ्यायला, तारखेवर लक्ष ठेवायला उपयोग होतो. पण संशोधकाने आपलं पत्र एजंटकडून लिहून घेऊ नये असं माझं पक्कं मत आहे. त्यांच्याकडे एकच नमुना असतो, त्यात फक्त नाव आणि शहर बदलतं. माझ्या एका विद्यार्थ्याचं पत्र मी पाहिलं, त्यात लिहिलं होतं की तो 'युरोपचं निसर्गसौंदर्य पाहण्यास उत्सुक' आहे. जात होता प्लाझ्मा भौतिकीच्या अभ्यासवर्गाला! आणि पर्यटनाची कागदांची यादी आणि परिषदेची यादी वेगळी असते. एजंटने सवयीने पर्यटन निवडलं तर सगळी फाईल पहिल्या पानापासून चुकते.

आणखी एक. खोटं हॉटेल बुकिंग, खोटं तिकीट बनवून देतो म्हणणारे भेटतात. त्यांच्या दारातही उभं राहू नका. विमानाचं आरक्षण दाखवायचं असतं, पूर्ण पैसे भरलेलं तिकीट व्हिसाआधी घ्यायची गरज नसते. हॉटेल रद्द करता येईल असं घ्या, आपल्या नावावर, खरं.

मातीचा_माणूस | २३ जानेवारी, रात्री ८.१५

मी केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत आहे, नागपुरातच. दोन गोष्टी राहिल्यात त्या सांगतो.

पहिली, फीची. शेंगेनची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्याआधी ८० होती. पण शेंगेनच्या व्हिसा संहितेत, सोळाव्या कलमात, फी माफ असलेल्यांची यादी आहे. त्यात संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक परिसंवादाला, परिषदेला जाणारे संशोधक येतात. बहुतेकांना हे माहीत नसतं आणि काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही. मॅडम, कॉलेजच्या पत्रात तुम्ही संशोधक आहात, पीएचडी आहात, वैज्ञानिक परिषदेत संशोधन मांडायला जात आहात, हे स्पष्ट शब्दांत घ्या आणि फी भरायच्या आधी विचारा. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावंच लागतं.

दुसरी, आपल्या बाजूच्या परवानग्या. आयोजक तुमचा राहण्याचा किंवा विमानाचा खर्च करणार असतील तर आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आधी गृह मंत्रालयाची परवानगी लागते. २०१० च्या विदेशी अभिदाय कायद्याचं सहावं कलम. अर्ज ऑनलाइन असतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने जात असाल तर हा प्रश्न येत नाही. पण रजा, परदेशी जाण्याची परवानगी आणि ना हरकत हे तीनही लेखी हवं. बाबूंना सांगा, पत्रात या गोष्टी लिहा: कधीपासून नोकरीत, पद, पगार, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत रजा मंजूर, कशासाठी जाणार, आणि अमुक तारखेला परत रुजू होणार. ती शेवटची ओळ विसरू नका. पत्र लेटरहेडवर, सही कुणाची, पद काय, फोन कोणता, हे वाचता आलं पाहिजे.

खर्चासाठी केंद्र सरकारची आंतरराष्ट्रीय प्रवास मदत योजनाही आहे, पूर्वी सर्ब (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) चालवायचं, आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. तुमच्या तारखांना अजून अर्ज करता येतो का ते लगेच पाहा.

खारपाणी | ११ फेब्रुवारी, रात्री १०.४८

बरेच दिवस लिहिता आलं नाही, परीक्षा चालू होत्या.

आयोजकांचं नवं पत्र आलं. पासपोर्टवरचं नाव, क्रमांक, आणि खाली ते वाक्य की हिचं संशोधन अमुक नावाने प्रसिद्ध आहे. एका ओळीसाठी एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

मुंबईची तारीख मिळाली, ६ मार्च, सकाळी ११. प्रवास मदतीची तारीख मात्र हुकली. खर्च स्वतःच करते आहे.

माझं पत्र लिहिलंय, इंग्रजीत आहे, त्याची सुरुवात मराठीत सांगते. बघा कसं वाटतं:

'भारतातील जलसंकट ही आज एक गंभीर समस्या आहे. विदर्भ हा त्यातही वंचित प्रदेश. माझ्या संशोधनाद्वारे या समस्येवर प्रकाश टाकण्याची सुवर्णसंधी मला आपल्या सुंदर देशात मिळत आहे...'

धंतोली_संध्या | ११ फेब्रुवारी, रात्री ११.१५

खारपाणी, राग मानू नकोस. ही भाषणाची सुरुवात झाली. मी दूतावासात नाही, पण रोज शंभर अर्ज वाचणारं कार्यालय पाहिलंय, मी स्वतः एका शिष्यवृत्तीच्या छाननीत बसते. वाचणाऱ्याला पहिल्या तीन ओळींत कळायला हवं: कोण, कुठे, कधी, कशाला. तू इथे पहिल्या दिवशी जे लिहिलंस ना, 'विहिरींचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असं वर्षातून दोनदा बाटल्यांत भरून आणायचं', ते वाचून मला तू दिसलीस. हे सुवर्णसंधीवालं वाचून कुणीच दिसत नाही.

असं कर. 'मी अमुक महाविद्यालयात अमुक सालापासून भूशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. ४ ते ८ मे या काळात व्हिएन्नातल्या परिषदेत माझं पोस्टर आहे, त्याचा क्रमांक हा. २ मे रोजी येईन, १० मे रोजी परत निघेन. खर्च माझ्या पगारातून. पासपोर्टवर माझं लग्नानंतरचं नाव आहे, संशोधन आणि बँक खातं आधीच्या नावावर आहे, विवाह नोंदणीचा दाखला पान अमुकवर.' नंतर कामाबद्दल चार ओळी. शेवटी परत कशाला येणार: कॉलेज, घर, आणि मे महिन्याचे नमुने.

खारपाणी | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

संध्याताई, राग कसला. रात्रीच पुन्हा लिहिलं. एका पानात बसलं. मे महिन्याच्या नमुन्यांचं तुम्ही म्हणालात ते फार नेमकं आहे. १५ मे ते ५ जून मला त्या विहिरींवर असावंच लागतं, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हाचं मोजमाप चुकलं तर वर्ष वाया जातं. पत्रात तारखांसकट लिहिलं.

तर्रीपोहे | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

हे बेस्ट झालं ताई. माझ्या मामाच्या वावरातली विहीर आहे का यादीत?

प्रतापनगर_काका | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

विमा राहिला बेटा. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, जायच्या दिवसापासून यायच्या दिवसापर्यंत. आजाराने किंवा मृत्यूने परत आणण्याचा खर्च त्यात हवा. आणि विमापत्रावर पासपोर्टवरचंच नाव. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन टाकला की नाव आपोआप येतं, तिथे तुझं माहेरचं नाव येईल. डोळ्यांत तेल घालून पाहा.

खारपाणी | १२ फेब्रुवारी, रात्री ८.०२

काका!! अगदी तेच झालं होतं. कालच काढला होता. आज फोन करून नाव दुरुस्त करून घेतलं, नवी प्रत संध्याकाळी मेलवर आली.

धंतोली_संध्या | २५ फेब्रुवारी, दुपारी ४.००

अपॉइंटमेंटच्या आधी घरात लग्नकार्य आहे का? असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू नकोस. दहाही बोटांचे ठसे घेतात, मेंदीने किंवा कापल्याने मशीनला रेघा दिसत नाहीत. माझ्या भाचीला त्यासाठी दुसऱ्यांदा जावं लागलं.

खारपाणी | ७ मार्च, रात्री ११.२५

काल जाऊन आले. सविस्तर लिहिते, पुढच्या माणसाला कामी येईल.

गुरुवारी रात्री दुरांतोने निघाले, सकाळी सीएसएमटी. फलाटावरच्या प्रतीक्षालयात तोंड धुतलं, साडी बदलली. सोबत नवरा येणार होता, मीच नको म्हटलं. आत फक्त अर्जदाराला सोडतात, त्याने बाहेर रस्त्यावर चार तास काय करायचं.

फाईल या क्रमाने लावली होती: अर्ज, फोटो, पासपोर्टची प्रत, माझं पत्र, निमंत्रण, पोस्टर स्वीकारल्याचा मेल, कॉलेजचं पत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र, बँक, आयकर, विमा, आरक्षणं. पंच नाही, पिना नाहीत, त्या तिथे काढायलाच लावतात.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने पासपोर्ट उघडला, मग बँकेचं स्टेटमेंट, आणि तिची मान वर झाली. "मॅडम, ये नाम..." मी काही बोलायच्या आत तिचं बोट पत्रातल्या त्या ओळीवर गेलं, 'पान १४'. तिने पान १४ काढलं, दाखला पाहिला, अर्जाचा दुसरा रकाना पाहिला, आणि पुढे गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट. दीड महिना ज्या प्रश्नाने झोप उडवली होती तो अर्ध्या मिनिटात मागे पडला. गोरेवाडा सर, त्या दुसऱ्या रकान्यासाठी तुमचे किती आभार मानू.

फीचं विचारलं. तिला नक्की माहीत नव्हतं, ती आत विचारून आली. कॉलेजचं पत्र आणि निमंत्रण घेऊन गेली, दहा मिनिटांनी परत. व्हिसा फी लागली नाही. फक्त सेवाशुल्क आणि पासपोर्ट घरपोच पाठवण्याचे पैसे. मातीचा_माणूस सर, ९० युरो तुमच्यामुळे वाचले, आमच्याकडे तेवढ्यात दोन फेऱ्यांचं डिझेल होतं.

बोटांचे ठसे मात्र एका फटक्यात आले नाहीत. नमुन्याच्या बाटलीची काच लागून उजव्या अंगठ्यावर जुना व्रण आहे. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. तिथल्या दादांनी ओला कागद दिला, अंगठा पुसायला लावला, आणि माझ्या नखावर स्वतःचं बोट ठेवून हळूच दाबलं. तिसऱ्यांदा हिरवा झाला. हे ठसे ५९ महिने चालतात म्हणे, पुढच्या अर्जाला पुन्हा द्यावे लागत नाहीत.

फाईल आता दिल्लीच्या दूतावासात जाईल. परतीच्या गाडीत बसले आणि इगतपुरी यायच्या आत झोप लागली.

वर्धारोड | ८ मार्च, सकाळी ८.४०

आता रोज दहादा ट्रॅकिंग उघडू नका. मी उघडायचो. काही होत नाही त्याने.

मातीचा_माणूस | ८ मार्च, सकाळी १०.१५

फी माफीची बातमी वाचून फार बरं वाटलं. आमच्या संस्थेच्या सूचनाफलकावर ती माहिती लावतोय.

खारपाणी | २३ मार्च, संध्याकाळी ५.३७

मिळाला! आत्ता कुरियरवाले दादा येऊन गेले. सासूबाईंनी पासपोर्ट देवापुढे ठेवलाय, अजून हातात धड घेतलेला नाही.

एक शंका. स्टिकरवर २ मे ते २५ मे लिहिलंय, पण दिवस ९. म्हणजे २५ पर्यंत राहता येतं का?

गोरेवाडा | २३ मार्च, संध्याकाळी ५.५५

मनःपूर्वक अभिनंदन, मॅडम!

नाही, राहता येतं ९ दिवसच. वरचे १५ दिवस सवलतीचे असतात, विमान पुढे गेलं, तारीख सरकली, तर व्हिसा वाया जाऊ नये म्हणून. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. २ ला उतरलात तर १० ला निघायलाच हवं. इथे पुष्कळ जण चुकतात, आणि चुकलेलं पुढच्या अर्जाला आडवं येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी सीमेवर येण्याजाण्याची संगणकीय नोंद सुरू केली आहे, तिथेही फोटो घेतात आणि ठसे ताडून पाहतात. तेव्हा उतरल्यावर रांगेसाठी वेळ धरा. निमंत्रण, विमा, हॉटेल आणि परतीचं तिकीट यांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो.

आणि हा व्हिसा नीट वापरा. १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी ठरवलंय की तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा, देता येतो. त्यानंतर पाच वर्षांचा. माझा सध्या दोन वर्षांचा चालू आहे.

प्रतापनगर_काका | २३ मार्च, संध्याकाळी ६.२०

शाब्बास बेटा. बाबांना माझा नमस्कार सांग.

पांढरीचा_विद्यार्थी | २४ मार्च, दुपारी १२.१०

मॅडम, धागा पूर्ण वाचला. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जुलैमध्ये लिस्बनला आहे माझं. मुलगा असूनही नावाचा घोळ आहे, पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव जोडलेलं आहे आणि निमंत्रणावर नाही. चालेल का?

खारपाणी | २४ मार्च, रात्री ९.०५

चालेल कदाचित, पण 'कदाचित'वर जाऊ नकोस. आजच आयोजकांना मेल टाक आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोड, म्हणजे ते अक्षरन् अक्षर तसंच लिहितील. मला चार दिवसांत उत्तर आलं होतं. माझं पत्र वैयक्तिक निरोपात पाठवते, पण त्यातलं एकही वाक्य उचलू नकोस, फक्त क्रम बघ. आणि फी माफीसाठी तुझ्या मार्गदर्शकांचं पत्र घेऊन ठेव.

तर्रीपोहे, तुमच्या मामांची विहीर यादीत आहे. पोस्टरवरच्या नकाशात सतरावा ठिपका. परवा सीताबर्डीला छापायला टाकते आहे, माहेरच्या नावाने.

तर्रीपोहे | २४ मार्च, रात्री ९.१४

ताई, त्या नकाशाचा एक फोटो पाठवा. मामाला दाखवतो.